मावठ्यानंतरचं रण आणि प्लास्टरवरचे आकडे

आधीच सांगून टाकते, मी काही मोठी ड्रायव्हर वगैरे नाही. बडोद्यात समा ते अलकापुरी ऑफिस, रविवारी खंडेराव मार्केट, आणि पाहुणे आले की पावागढ, एवढाच माझा पल्ला. गरुडेश्वरला दरवर्षी जातो तेव्हासुद्धा गाडी नवराच चालवतो आणि मी मागे बसून पेरू कापते. त्यामुळे बडोद्याहून भुज आणि तिथून एका दिवसात कच्छच्या रणातून धोळावीरा, म्हणजे हडप्पाच्या काळातलं जुनं शहर, असं सगळं स्वतः चालवून आले हे मलाच अजून खरं वाटत नाही. घाबरणारी दुसरी कोणी असेल तर तिच्यासाठी लिहितेय, म्हणून जरा बारीकसारीक पण लिहिणार आहे.

मूळ प्लॅन सासूबाईंचा. आई शहात्तर वर्षांच्या, दत्ताच्या भक्त, टेंबेस्वामींच्या समाधीला गरुडेश्वरला गेल्याशिवाय त्यांचं वर्ष पूर्ण होत नाही. शेजारच्या गुजराती काकींनी त्यांना कधीतरी सांगितलं की कच्छमध्ये काळो डुंगर म्हणून डोंगर आहे, रणाच्या अगदी काठावर, तिथे दत्ताचं देऊळ आहे आणि तिथला पुजारी कोल्ह्यांना प्रसाद घालतो. झालं. दोन वर्षं ते कोल्हे आमच्या घरात फिरत होते. शेवटी २३ ते २६ जानेवारीची सुट्टी जमवली, भुजला हॉटेलच्या दोन खोल्या तीन रात्रींसाठी बुक केल्या, खोलीला १,८०० रुपये रात्र, पैसे आधी भरायचे आणि परत मिळणार नाहीत असलं बुकिंग. आणि उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दिवशी नवरा 'काप्यो छे' ओरडत गच्चीच्या जिन्यावरून घसरला. उजवं मनगट. प्लास्टर, सहा आठवडे.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझी खरी भीती हायवेची नव्हतीच, पाण्याची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा आमची जुनी गाडी दोन दिवस पार्किंगमध्ये बुडून होती, ती नंतर भंगारातच गेली. तेव्हापासून रस्त्यावर टाचेएवढं पाणी दिसलं तरी माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. म्हटलं, वाळवंटात जातोय, जानेवारी आहे, पाण्याचा प्रश्नच नाही. (हसू नका.)

सफेद रणाचं, म्हणजे धोरडोचं, परमिट लागतं. ऑनलाइन निघतं, माणशी १०० रुपये आणि गाडीचे ५०, लेक चौदाची असल्याने तिचेही पूर्ण पैसे, मिळून ४५० झाले. ओळखपत्र, तारीख, गाडीचा नंबर एवढंच मागतात, दहा मिनिटांचं काम, आणि त्या दहा मिनिटांत मी सवयीने जुन्या गाडीचा, बुडालेल्या गाडीचा, नंबर टाकला. हे मला कळलं भुजच्या वाटेवर, विरमगामला, चहा पिताना. नवरा म्हणाला, "बघू, खिडकीवर सांगू." लेक म्हणाली, "आई, तू भुताच्या गाडीचं परमिट काढलंस."

२३ तारखेला पहाटे पाचला निघालो. एक्स्प्रेसवेवर अंधारात डाव्या लेनमध्ये ८० ने चालले, मागून सगळे दिवे मारत होते, मारू देत. अहमदाबादच्या रिंग रोडवरून विरमगाम, मग माळिया. आकाश बडोद्यापासूनच मळकं होतं, विरमगामच्या पुढे थेंब पडायला लागले. वायपरची पट्टी पावसाळ्यापासून वापरली नव्हती, रबर कडक झालेलं, काचेवर पाणी पुसण्याऐवजी फासलं जात होतं. हिवाळ्यात निघालात तरी वायपर बघून निघा, माझे पुढचे दोन तास त्या रबराने खाल्ले. चहाच्या टपरीवर सगळे एकच शब्द बोलत होते, मावठुं. आपलं मावठं. टपरीवाल्याचं जिरं शेतात उभं होतं, ढगाळ हवा धरली की जिऱ्यावर रोग पडतो, तो मोबाइलवर दर पाच मिनिटांनी आभाळाचा अंदाज बघत होता. माळिया ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला मिठाचे ढीग लागतात, काहींवर प्लास्टिक टाकलेलं, काही तसेच भिजत उभे. छोट्या रणातले अगरिया हिवाळाभर जमिनीखालचं खारं पाणी वाफ्यात सोडून, उन्हात आटवून मीठ पिकवतात, त्यात असा पाऊस पडला की मीठ परत पाण्यात जातं. आम्ही गाडीत 'अरे वा, थंड झालं' म्हणत होतो. जरा गप्प झालो.

सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. भुजला पोचायला तीन वाजले, ४४० किलोमीटर झाले होते. लेकीने बाबाच्या प्लास्टरवर स्केचपेनने लिहिलं: '२३ जाने., ४४०, पाऊस, आई ओरडली.' तिथून ते प्लास्टर म्हणजे आमची वहीच झाली.

रात्री भुजला जोरात पडला. विजा. मी दोन वाजता उठून खिडकीतून गाडीचे टायर दिसतात का बघत होते. सकाळी हॉटेलवाले काका म्हणाले की पावसाळ्यात हमीरसर तलाव ओसंडला की भुजला सुट्टी देतात, मेघलाडू वाटतात, पण हा अवेळी आलेला पाऊस, याचा लाडू नाही. रणात जायचं असेल तर डांबर सोडू नका म्हणाले. हे त्यांनी तीनदा सांगितलं. तीनदा.

२४ तारीख, साडेसातला निघालो. टाकी भुजलाच फुल केली, टायरची हवा बघितली, पाण्याच्या सहा बाटल्या, आईंची गोळ्यांची डबी, भाखरवडीचा डबा, ऑफलाइन नकाशा. गावाबाहेर थोड्या वेळाने कर्कवृत्ताचा बोर्ड लागतो, तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग, आम्हीही काढला, आईंना वाटलं तिथे जमिनीवर काहीतरी रेघ असेल.

भिरंडियाराला नाक्यावर साडेआठ. मी परमिटचा प्रिंट आणि गाडीची आरसी घेऊन खिडकीशी गेले, माझी चूक आहे म्हणून आधीच कबूल केलं. आतला माणूस शांत होता. म्हणाला, गाडीचं नवीन काढून देतो, ५० रुपये, पण बेन, आज कशाला जाता, सफेद रण आज नथी, पाणी भरायुं छे, लोकांना टॉवरपाशीच थांबवतायत. सफेद रण आज नाही, हे वाक्य मला अजून आठवलं की हसू येतं, जसं काही दुकानात माल संपलाय. ४५० गेले ते गेले. खरं सांगायचं तर मी ऐकून जरा सुटले, कारण चिखलात पायी चालायचं म्हणजे आईंना कोण धरणार, एक तर मी नाहीतर एक हाताचा नवरा. खावड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्हाला कोणी परमिट विचारलं नाही, तरी सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा, सरहद्दीचा भाग आहे. भिरंडियाराचा मावा मात्र घ्या, बन्नीच्या, म्हणजे तिथल्या गवताळ पट्ट्यातल्या, म्हशींच्या दुधाचा, कढईतून गरम देतात. आईंनी एकादशी नसताना उपासाचा म्हणून दोनदा खाल्ला.

मग काळो डुंगर. उंची ४६२ मीटर, कच्छमधला सगळ्यात उंच. आपल्या सह्याद्रीवाल्यांना आकडा लहान वाटेल, पण आजूबाजूची सगळी जमीन ताटासारखी सपाट, त्यामुळे तो उभाच्या उभा वाटतो आणि रस्ताही तसाच आहे. शेवटच्या चढावर पुढची जीप थांबली, मी थांबले, आणि गाडी मागे सरकली. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, रेस देऊन मग सोडायचा, हे मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं आणि बडोद्यात फ्लायओव्हर सोडला तर कधी लागलं नव्हतं. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. मागच्या बसमधले लोक खाली उतरून बाजूला उभे राहिले होते, तो अपमान मी गिळला.

वरून काय दिसतं ते लिहायला घेतलं की हात थांबतो. नेहमी म्हणे खाली पांढरं दिसतं, मिठाचं. आम्हाला पांढरं काहीच दिसलं नाही. खाली सगळं आभाळ होतं. रणाची जमीन समुद्रसपाटीच्या जेमतेम वर, खाली चिकणमाती, पाणी मुरत नाही आणि वाहून जायला उतार नाही, त्यामुळे पडलेला पाऊस बोटभर थराने पसरून बसतो, आणि त्यात ढग उतरतात. क्षितिजाची रेघच नव्हती. एक काळा ठिपका दिसत होता, बेट म्हणावं तर तो ढगाच्या मधोमध. आई कठड्याला धरून उभ्या होत्या, त्यांचं 'दिगंबरा दिगंबरा' मध्येच थांबलं होतं, मला म्हणाल्या, "अगं, खाली आणि वर एकच झालंय."

कोल्हे आले नाहीत. दुपारच्या आरतीनंतर पुजाऱ्यांनी ओट्यावर भाताचा प्रसाद ठेवला, 'लोंग, लोंग' अशी हाक मारली. गोष्ट अशी सांगतात की दत्तप्रभूंना इथे भुकेले कोल्हे भेटले, द्यायला काही नव्हतं तर 'ले अंग' म्हणून त्यांनी स्वतःचं अंग पुढे केलं, त्या 'ले अंग'चं लोंग झालं. वीस मिनिटं थांबलो. दोन कावळे आणि एक कुत्रं. मला वाटलं आई खट्टू होतील, पण त्या म्हणाल्या, "पाऊस पडलाय, त्यांना बाहेर खायला मिळालं असेल, मागायला कशाला येतील." देवळाच्या भोजनालयात प्रसादाचं जेवण झालं. गाडी आपोआप चढ चढते अशी एक जागा उतरताना लागते, सगळे तिथे न्यूट्रलमध्ये टाकून बघतात, मी नाही बघितलं, माझी सकाळीच आपोआप मागे गेली होती.

खावड्याहून धोळावीराचा रस्ता, घडुली–सांतलपूर हायवेचा तुकडा, यालाच हल्ली सगळे 'रोड टू हेवन' म्हणतात. पावणेदोनला त्यावर लागलो. साधारण तीसेक किलोमीटर रस्ता रणाच्या मधून बांधासारखा उचलून नेलाय, दोन्ही बाजूला काही म्हणजे काही नाही. आणि आमच्या दिवशी दोन्ही बाजूला पाणी. माझ्या पायाने ब्रेक दाबलाच. नवरा हळूच म्हणाला, रस्ता कोरडा आहे, नुसता रस्ता बघ, बाजूला बघू नकोस. पहिले पाच किलोमीटर ३० ने गेले. मग लक्षात आलं की हे पाणी येत नाहीये. विश्वामित्रीचं पाणी येत होतं, पायरी पायरीने चढत होतं, त्याला आवाज होता. हे नुसतं पडून होतं, त्यावर सुरकुतीसुद्धा नाही. विजेचा खांब जेवढा वर तेवढाच खाली. लांब गुलाबीसर ठिपक्यांची एक लांबलचक रांग, रोहित पक्षी, ते मात्र उलटे-सुलटे दोन्हीकडून चालत होते. मी काच खाली केली. वास समुद्राचा नाही, ओल्या पाटीपेन्सिलचा येतो. ४० झाले, ५० झाले. आईंनी मागून भाखरवडी पुढे केली.

आणि इथेच मला शहाणपण सुचलं. एका ठिकाणी बांधाला उतार होता, खाली बरीच गाड्यांची चाकं उमटलेली, जमीन पांढरी, कोरडी दिसत होती, लेकीला फोटो हवा होता. हॉटेलवाल्या काकांचं तीनदा सांगितलेलं वाक्य मला आठवत होतं, तरी उतरवली. पुढची चाकं डांबर सोडून जेमतेम गाडीभर पुढे गेली असतील आणि गाडी खाली बसली, अगदी म्हैस बसते तशी. तिथे दुधावरच्या सायीसारखी मिठाची पापडी असते, अर्धा इंच, आणि खाली काळा गारा, ग्रीससारखा. पापडी वरून वाळली होती, खालचा गारा रात्रीच्या पावसाने ओला. मी रेस दिली. कधीही देऊ नका, चाक फिरतं, खड्डा करतं आणि क्लच जळल्याचा वास येतो, तो वास आईंना धूप वाटला. आधी सगळे उतरा, चाकाभोवतीचा गारा हाताने काढा, पायाखालच्या मॅट चाकापुढे सरकवा, शक्य असेल तर टायरची थोडी हवा सोडा, दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हलकेच. आम्ही हे सगळं केलं, एक मॅट चाकाने ओढून आत घेतली ती परत दिसलीच नाही, आणि गाडी आणखी दोन इंच खाली गेली.

चाळीस मिनिटं. एवढ्यात एक पिकअप आली, मागे गवताच्या पेंढ्या. पागोटं बांधलेले एक मालधारी, म्हणजे गुरं राखणारे, काका आणि त्यांचा मुलगा. त्यांनी लांबूनच विचारलं, हूक आहे का. आता हूक कुठे असतो हे घरात कोणाला माहीत? नवऱ्याने डाव्या हाताने मॅन्युअलची पानं उलटली, कळलं की स्टेपनीजवळच्या पिशवीत एक आकडा असतो, बंपरवर छोटं चौकोनी झाकण असतं ते उघडून तो पिळून बसवायचा. आज घरी जाऊन हे तेवढं बघून ठेवा. दोर बांधला, काकांनी मला सांगितलं स्टिअरिंग सरळ, पाय ब्रेकवर नको, न्यूट्रल. 'चप्' असा आवाज आला आणि आम्ही डांबरावर. ५०० रुपये. सकाळपासून तुमची तिसरी गाडी म्हणाले, आणि मुलगा हसत म्हणाला, मावठानो धंधो. मी घासाघीस केली नाही. आईंनी त्यांना उरलेला मावा दिला, त्यांनी वास घेऊन सांगितलं तो कोणत्या दुकानाचा आहे.

धोळावीराला पोचायला सव्वाचार झाले. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून गर्दी वाढलीय, गाईडने ३०० घेतले आणि ते वसूल झाले. दगडाच्या भिंती, वरचं गाव, खालचं गाव, मोठ्या दहा अक्षरांची पाटी जिथे सापडली ते उत्तरेचं दार. पण मला आठवतात ते हौद. खडक कोरून, दगड रचून केलेले, एकामागून एक, पायऱ्यांचे, त्यातला पूर्वेचा मोठा ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद. मनसर आणि मनहर अशा दोन ओढ्यांच्या मधे हे गाव, वर्षातले थोडेच दिवस वाहणारे ओढे, त्यांना बांध घालून पाणी या हौदांत फिरवलं, साडेचार हजार वर्षांपूर्वी. सयाजीरावांनी बडोद्याला आजवा तलावाचं पाणी आणलं हे आम्ही लहानपणापासून ऐकतो, तसंच इथेही कोणीतरी बसून उतार मोजला असणार. मोठ्या हौदाच्या तळाशी कालच्या पावसाचं डबकं साठलं होतं, ताटाएवढं. गाईडला ते रोजचं नव्हतं, त्याने आपणहून त्याचा फोटो काढला. मी कठड्याशी उकिडवी बसून बघत राहिले, चपलांना गारा, नखांत गारा, आणि म्हटलं यांना पाऊस आला की सुट्टी असेल का, लाडू असतील का.

साडेपाचला निघालो, हे उशिरा झालं, तुम्ही चारलाच निघा. परतताना सूर्य समोर, पाण्यावरून दुप्पट होऊन डोळ्यात, कॅप घातल्याशिवाय चालवता येत नाही. तो रस्ता अंधार पडायच्या आत संपला, पण खावड्यानंतर पूर्ण काळोख, नेटवर्क नाही, आणि बन्नीच्या म्हशी. या म्हशी रात्री चरायला जातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काळ्या रस्त्यावर काळी म्हैस, फक्त डोळे चमकतात, तेही तिने बघितलं तर. ४० च्या वर गेले नाही. नवरा पुढे वाकून 'म्हैस, म्हैस, डावीकडे म्हैस' करत होता. भुज सव्वानऊ, ३३५ किलोमीटर.

२५ तारखेला निजलो, दाबेली खाल्ली, एवढंच. २६ ला परत. बडोद्यात पहिलं काम म्हणजे गाडी खालून धुवून घेतली, हे टाळू नका, मीठ पत्रा खातं. धुणाऱ्या मुलाने चाकाच्या वरच्या पोकळीत बोट घातलं, चाखलं, आणि विचारलं, "बेन, दरियामां गया ता?" ६०० रुपये, दोनदा धुतली, तरी आठवडाभर पार्किंगमध्ये पांढरे डाग पडत होते. मॅटचा नवा सेट १,१००, कारण सुटी एक देत नाहीत.

प्लास्टर फेब्रुवारीच्या शेवटी निघालं. कापणाऱ्या भाईने करवत नेमकी '२४ जाने.'च्या ओळीवरून घातली. लेकीने आधीच चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले होते, वरचे किलोमीटर, वेळा, रुपये सगळे मी त्यातून बघून लिहिलेत. एका जागी '५०० ट्रॅक्टर' लिहिलंय, ते चुकीचं आहे, पिकअप होती.